रकान्यात मावेल एवढं कारण

जलशुद्धीकरण केंद्रात ताईच्या टेबलाला सगळे जरा वळसा घालूनच जात. तशी बाई स्वभावाने गोड, पण तिला 'का?' विचारायची खोड होती. कुणी म्हटलं, आज उशीर झाला, की ही विचारणार, का झाला? बस चुकली. का चुकली? चप्पल सापडेना. का सापडेना? चौथ्या 'का'ला माणूस एकतर चिडायचा, नाहीतर घरातलं भांडण सांगून मोकळा व्हायचा. गंमत अशी, की अशा बाईकडे तेरा वर्षं जे काम होतं त्यात एकच 'का' विचारायला मुभा होती. ती केंद्रातल्या बिघाडांची नोंद ठेवायची. तारीख, वेळ, जागा, काय झालं, आणि शेवटचा रकाना, कारण. संगणकावरच्या त्या रकान्यात चाळीस अक्षरं मावत. एकेचाळिसावं टाइप केलं की तो नुसता टुणकन आवाज करून गप्प बसायचा.

या रकान्याला कुणी हसू नये. वर्षातून एकदा समिती बसायची आणि तिच्यापुढे त्या ओळींची यादी जायची. मूळ जबाब, अहवाल, फोटो खालच्या कपाटात धूळ खात. समितीकडे वेळ बेताचा, चहा आणि बिस्किटं भरपूर. यादी वाचायची आणि त्यावरून नवे नियम करायचे, अशी रीत पडली होती. नियमांचा फलक पंपघराच्या दारातच होता. एकेचाळीस नियम.

त्या सोमवारी पहाटे पाच चाळीसला एक नंबरचा पंप बंद पडला. पाळीवर अण्णा होते. अण्णा म्हणजे केंद्रातले सगळ्यात जुने ऑपरेटर, निवृत्तीला आठ महिने राहिलेले, पंपाच्या आवाजावरून त्याची तब्येत सांगणारे. त्यांनी दोन नंबरचा पंप लावायला घेतला. पण त्याचा व्हॉल्व्ह उघडेना. व्हॉल्व्ह उघडायला एक छोटी मोटार असते, तिने दगा दिला. तोच व्हॉल्व्ह चाक फिरवून हाताने वीस मिनिटांत उघडला असता, पण चाकाभोवती लोखंडी पिंजरा, पिंजऱ्याला कुलूप, आणि किल्ली पाळीच्या अभियंत्याकडे. नियम चौदा, व्हॉल्व्ह हाताने चालवू नये. अण्णांनी अभियंत्याला चार फोन केले. तो आला आठ वाजता. तोवर गावाच्या वरच्या अंगाची टाकी कोरडी पडली, रिकाम्या पाइपांत हवा शिरली आणि अर्ध्या गावाला तीस तास पाण्याचा थेंब मिळाला नाही.

मंगळवारी मुख्य अभियंता ताईच्या टेबलापाशी आले. केंद्रात त्यांना नुसतं साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून लोकांच्या शिव्या खाऊन त्याचा चेहरा उतरला होता, इतकंच.

"ताई, शनिवारी अकरा वाजता समिती बसतेय. खास याच्यासाठी. तेवढी नोंद करून ठेवा."

"कारण काय लिहू?"

"ऑपरेटरकडून विलंब झाला. सरळ आहे. अडीच तास माणूस बसून होता."

"आणि मग अण्णांचं काय होणार?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "कमी करतील. वरून फार दबाव आहे, ताई. कुणावर तरी खापर फुटल्याशिवाय लोक शांत होत नाहीत."

तीस वर्षं नोकरी केलेला माणूस निवृत्तीच्या आठ महिने आधी हाकलला जाणार, आणि ते हाकलण्याचं वाक्य आपल्या हातून टाइप होणार, हे ताईला आता कळलं. साहेब गेल्यावर तिने नोंद उघडली, चार रकाने भरले आणि पाचवा कोरा ठेवला.

आता दर गुरुवारी संध्याकाळी ताई कुठे जायची हे केंद्रात कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तर हसून हसून पुरेवाट झाली असती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक फुकट वर्ग घेत. विषय, इतिहास म्हणजे नक्की काय. येणारी माणसं सहा. त्यातला एक झोपायलाच यायचा आणि एक बाई पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून यायची. ताई मात्र पहिल्या रांगेत, वही उघडून. सर कोणत्या राजाने कुणाला हरवलं हे सांगतच नसत. ते विचारत, हरवलं हे ठरवलं कुणी? आणि त्याआधीच्या दुष्काळाबद्दल लिहिणाऱ्याने एक अक्षर का काढलं नाही? आपल्यासारखीच खोड असलेला माणूस भेटला म्हणून ताई तिथे रमली होती.

मागच्याच गुरुवारी सरांनी कारणांबद्दल सांगितलं होतं. "कारण रस्त्यात पडलेलं सापडत नाही. मागे मागे जात राहिलात तर वाट संपतच नाही. लिहिणारा कुठेतरी थांबतो आणि म्हणतो, हे कारण. तेव्हा इतिहास वाचताना लिहिणाऱ्याला एकच विचारायचं. बाबा रे, तू इथेच का थांबलास?"

ताईने हा प्रयोग लगेच घरी करून पाहिला होता. दूध उतू गेलं होतं आणि आई तोंडाचा पट्टा सोडून बसली होती. "तुझ्यामुळे गेलं. तू बोलत बसलीस."

"मी बोलत बसले कारण मावशीचा फोन आला. मावशीने फोन केला कारण तू तिला काल रागावलीस. मग दूध तुझ्यामुळे उतू गेलं, नाही का? तू माझ्यापाशीच का थांबलीस?"

"कारण मावशी येऊन पातेलं घासणार नाही," आई म्हणाली. "तुलाच घासायचंय. घास."

ताई घासता घासता हसत होती, पण सरांना जे सांगायला दीड तास लागला ते आईने एका वाक्यात सांगितलं, हे तिने वहीत लिहून ठेवलं. जिथे आपला हात पोचतो तिथे आपण कारण ठरवतो. अण्णा हाताशी होते.

या गुरुवारी वर्ग संपल्यावर ती सरांपाशी थांबली. त्यांना तिने पंप, पिंजरा, किल्ली, सगळं सांगितलं. सर चष्मा पुसत ऐकत राहिले.

"मग मी असं लिहू का, परिस्थितीमुळे विलंब झाला?" तिने विचारलं. "म्हणजे अण्णा सुटतील."

"सगळेच सुटतील," सर म्हणाले. "परिस्थिती म्हटलं की कुणीच उरत नाही. मोठमोठ्या लोकांनी असे ग्रंथ लिहिलेत हो. काळाचा ओघच तसा होता, होणारच होतं ते. वाचायला भारदस्त वाटतं. पण त्यात सगळ्यात आधी कोण सुटतो सांगा?"

"कोण?"

"लिहिणारा. तो जणू तिथे नव्हताच." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही तुमच्या खोडीवर विश्वास ठेवा. पिंजरा का आहे?"

"नियम चौदा."

"तो का आहे?"

तेरा वर्षं ती रोज त्या फलकाखालून आत गेली होती आणि तिने, आख्ख्या गावाला 'का' विचारणाऱ्या बाईने, त्या फलकाला एकदाही विचारलं नव्हतं. तिची तिलाच लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी ती तासभर लवकर आली. फलकावरचे नियम तिने कागदावर उतरवून घेतले आणि संगणकावरच्या जुन्या नोंदींशी एकेक जुळवत बसली. सुरुवातीला मजा वाटली. नियम नऊ, पंपघरात छत्री उघडू नये. त्याच्यामागे ओळ, 'छत्रीची काडी पट्ट्यात अडकली'. नियम बावीस, टाकीवर शिट्टी वाजवू नये. त्याच्यामागे, 'शिट्टी ऐकून चुकीचा पंप बंद केला'. प्रत्येक नियमाला आपापली ओळ होती. केंद्रातली माणसं कशी चालतात, कुठे थांबतात, कशाला हात लावतात, कशाला घाबरतात, ते सगळं या चाळीस-चाळीस अक्षरांनी ठरवलं होतं. ज्यांनी त्या घटना पाहिल्या ती माणसं केव्हाच निघून गेली होती. मागे ओळी उरल्या होत्या आणि त्या हुकूम सोडत होत्या.

मग नियम चौदा आला. अकरा वर्षांपूर्वीची नोंद. बाजारपेठेतला मोठा पाइप फुटला होता. कारण, 'ऑपरेटरने व्हॉल्व्ह हाताने बंद केला'. नोंद करणाऱ्याच्या जागी तिचंच नाव होतं.

तिला तो दिवस अंधूक आठवला. नोकरीला दोन वर्षं झालेली. टेबलावर जबाबांचा गठ्ठा आणि तो टुणकन वाजणारा रकाना. ती उठली, खालचं कपाट उघडलं, धुळीने शिंकली आणि तासाभराने तो जबाब तिच्या हाती लागला. ज्या ऑपरेटरचा होता त्याला सगळे भाऊ म्हणत. अक्षर वाकडंतिकडं, पण स्वच्छ लागत होतं.

'दोन नंबरच्या व्हॉल्व्हच्या मोटारीचे गिअर झिजले आहे, हे मी दोन महिन्यांपूर्वी कळवले होते. आज मोटार घुमत होती, पण व्हॉल्व्ह हलत नव्हता. गळतीचे पाणी विजेच्या पॅनेलपर्यंत आले. माणसाला शॉक बसेल म्हणून मी चाक फिरवून व्हॉल्व्ह हाताने बंद केला.'

चार वाक्यं. ताईने त्यातला शेवटचा तुकडा उचलला होता, कारण तेवढाच मावत होता. तिचा कुणावर राग नव्हता, तिला कुणाला वाचवायचं नव्हतं. जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती, बस्स. समितीने ती ओळ वाचली, चाकाला पिंजरा घातला आणि भाऊंना पंपावरून काढून बागेत झाडांना पाणी घालायला लावलं. गिअर झिजल्याचं यादीत नव्हतंच, त्यामुळे ते बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. अकरा वर्षं त्यात ग्रीस भरत राहिले. कधी चालायचं, कधी मोटारीला दोन थापा मारल्या की चालायचं. सोमवारी मात्र थापांनी भागलं नाही.

ताई कपाटापाशीच जमिनीवर बसली. गिअर तिच्या ओळीमुळे तसंच राहिलं आणि पिंजराही तिच्याच ओळीमुळे आला. अण्णांना दोन्हीकडून तिनेच अडवलं होतं, अकरा वर्षं आधी, दहा मिनिटांत. तिला रडू आलं, आणि रडू येत असतानाही डोक्यात एक किडा वळवळत होताच. भाऊंना हे ठाऊक असेल? ते का बोलले नाहीत?

भाऊ बागेत वर्षभरही टिकले नव्हते. नोकरी सोडून त्यांनी शिलाई मशीन दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं होतं. ताई दुपारी तिथे पोचली तेव्हा ते मशीनच्या पोटात नाक खुपसून बसले होते. केस पांढरे झाले होते. तिला पाहून ते गडबडीने उठले, स्टूल पुसलं.

"अकरा वर्षांपूर्वीचं विचारायला आले, भाऊ. पाइप फुटला ते."

"त्यात काय विचारायचं?" भाऊ खाली बघत म्हणाले. "मी घाई केली. व्हॉल्व्ह हाताने बंद केला. पळतं पाणी एकदम अडवलं की ते मागे उसळतं, एवढी अक्कल पाहिजे होती."

"मोटार चालत नव्हती ना?"

"मोटार?" त्यांनी आठवून पाहिलं. "असेल. तसं काही आठवत नाही आता. पण चाक मीच फिरवलं. ते तर फलकावरच आहे की."

ताईला वाटलं होतं माणूस चिडेल, जुनी मळमळ ओकेल. ती त्याच्यासाठी मन घट्ट करून आली होती. पण समोरचा माणूस तिचीच ओळ तिला परत वाचून दाखवत होता, आणि ती त्याला स्वतःची आठवण वाटत होती.

"पोराला लहानपणापासून सांगत आलो," भाऊ म्हणाले, "माझ्यासारखं करू नकोस. विचारल्याशिवाय कशाला हात लावू नकोस. आता बाप्या झालाय तो, परगावी नोकरी करतो. घरातला बल्ब बदलायचा तरी फोन करून विचारतो, बाबा, बदलू का." ते हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

ताईने पिशवीतून जबाब काढला. वाचून दाखवायचा तिला धीर झाला नाही, म्हणून नुसता पुढे केला. भाऊंनी तो हात लांब धरून वाचला. मग चष्मा शोधून पुन्हा वाचला.

"अक्षर माझंच आहे," ते हळूच म्हणाले. "पण मी हे लिहिलं होतं होय?"

"उद्या अकरा वाजता समिती आहे. अण्णांना काढणार आहेत. तुम्ही याल?"

भाऊंनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "गेटवरचा माणूस आत सोडेल का मला?"

"मी उभी राहीन गेटवर," ताई म्हणाली.

शनिवारी समितीसमोर ताईने पाचवा रकाना कोराच दिला आणि त्याला तीन पानं जोडली. साहेबांनी पानं उलटली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई, हे काय? समितीला एक ओळ लागते."

"माहीत आहे, साहेब. अकरा वर्षांपूर्वी मी एक ओळ दिली होती. तिचंच हे पुढचं आहे." तिने गिअर, जबाब, कापलेली वाक्यं, पिंजरा, सगळं क्रमाने सांगितलं. "अण्णांनी नियम पाळला. नियम माझ्या नोंदीवरून झाला. नोंद अर्धी होती. माझं काय करायचं ते करा, पण अण्णांवर हे ढकलू नका."

समितीतले एक गृहस्थ बिस्किट हातात धरून तसेच राहिले. दुसरे म्हणाले, "पण बाई, असं मागे जायला लागलं तर अंत कुठे? तुमच्या आधी रकाना करणारा कुणीतरी असेलच."

"आहे ना. त्यालाही विचारा," ताई म्हणाली. "पण मी होते तिथून मला पुढे जाता येत नाही."

अण्णा कोपऱ्यात उभे होते. चार दिवस ते मूग गिळून होते, पण आता त्यांच्याने राहवेना. "साहेब, पंपघर काय परदेशात आहे का? चला आणि मोटार लावून बघा."

सगळी समिती खाली पंपघरात गेली. भाऊ सगळ्यांच्या मागे, भिंतीला धरून चालत होते. फलकापाशी ते क्षणभर थांबले, मग आत शिरले. साहेबांनी मान हलवली आणि अण्णांनी बटण दाबलं.

मोटार घुमली. जड, घोगरा आवाज, आणि त्यात दर सेकंदाला एक खटका. व्हॉल्व्ह तसूभरही हलला नाही. समितीची माणसं एकमेकांकडे पाहू लागली, पण ताई भाऊंकडे पाहत होती. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ खटक्यांबरोबर हलत होते.

"हाच," ते म्हणाले. "हाच आवाज. मी दोन महिने आधी सांगितलं होतं. सुपरवायझरच्या खोलीत जाऊन सांगितलं होतं. पाणी पॅनेलला लागत होतं आणि तिथे सफाईवाली बाई उभी होती. मी तिला ओरडलो, बाजूला हो." त्यांनी डोळे उघडले. "मी घाई नव्हती केली."

बटण बंद झालं. साहेबांनी पाळीच्या अभियंत्याकडून घेतलेली किल्ली खिशातून काढली, पिंजऱ्याचं कुलूप उघडलं आणि किल्ली अण्णांच्या हातात दिली. "गिअर सोमवारी बदलायचं," एवढंच ते म्हणाले. मग ताईकडे वळून, जरा अवघडून, "तुम्हाला नोंदीच्या टेबलावर ठेवता येईल असं वाटत नाही. सांगून ठेवतो." ताईने मान डोलावली. तेरा वर्षांचं टेबल जाणार याचं तिला वाईट वाटलं, पण तिच्या अंदाजापेक्षा कमी.

समिती वर गेली. अण्णा चाक दोन्ही हातांनी धरून सैल आहे का पाहत होते. भाऊंनी खिशातून फोन काढला, एक नंबर लावला आणि कानाला धरला.

"अरे, मी बोलतोय. पंपघरातून. हो, केंद्रातल्या." पुढे त्यांना शब्द फुटेना. पलीकडून मुलगा घाबरून "बाबा? काय झालं? बाबा?" विचारत होता, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. भाऊंनी फोन ताईपुढे केला. "तुम्हीच सांगा. मला नाही जमत."

ताईने फोन घेतला.

"घाबरू नका, बाबा ठीक आहेत," ती म्हणाली. "मी केंद्रातली नोंदी करणारी बाई. तुमच्या बाबांबद्दल अकरा वर्षांपूर्वी मी एक ओळ लिहिली होती. ती खोटी होती."